‘विहीर’ शोधली तर ‘विहिरीत’ही सापडलं पाहिजे: आपल्या मराठी साइटला चांगला शोध जोडताना

जुन्या विहिरी आणि बारवांवर मी गेली काही वर्षं लिहितो आहे. साइट माझी स्वतःची, लेख अडीचशेच्या आसपास. गेल्या पावसाळ्यात एका वाचकांचा ईमेल आला: ‘तुमच्याकडे बारा मोटेच्या विहिरीवर काहीच नाही, याचं नवल वाटलं.’ साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या या विहिरीवर तर माझा सगळ्यांत मोठा लेख आहे. त्यांनी सर्च बॉक्समध्ये नेमकं काय लिहिलं होतं ते विचारलं. ‘बारा मोटेची’ असे दोन सुटे शब्द होते. मी लेखात सगळीकडे ‘बारामोटेची’ असं जोडून लिहिलं होतं.

मग मीच माझ्या साइटवर शोधत बसलो. ‘पायऱ्या’ टाकलं, साठेक लेख आले. ‘पायरी’ टाकलं, दोन आले. वर्षानुवर्षं लिहून ठेवलेलं माझं मलाच सापडत नसेल, तर दुसऱ्याला काय सापडणार?

त्यानंतर दीड-दोन महिने वेळ मिळेल तसं यावर काम केलं. ज्यांची स्वतःची छोटी साइट आहे, थोडंफार एचटीएमएल कळतं, पण शोधाच्या वाटेला कधी गेले नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगतो, कारण मला ती उशिरा कळली. मराठी साइटवर शोध चांगला होतो तो महागडं सॉफ्टवेअर घेतल्याने नव्हे. वाचक जे टाइप करतो आणि आपण जे लिहिलेलं असतं, ती दोन्ही टोकं एका रूपात आणली की तो सुधारतो. सॉफ्टवेअर निवडायला एक संध्याकाळ पुरते. शब्द एका रूपात आणायला मात्र वेळ द्यावा लागतो.

आधी वही घ्या

काहीही बसवण्याआधी वीस शब्द लिहून काढा. तुमच्या साइटवर येणारा माणूस काय शोधेल? पाककृती असतील तर पोहे, पोह्यांचा चिवडा, भाकरी, गूळ, गुळाची पोळी. भटकंती असेल तर गडांची आणि गावांची नावं, विभक्तीसकट आणि विभक्तीशिवाय. प्रत्येक शब्दापुढे कोणते लेख यायला हवेत ते लिहा आणि आज काय येतं तेही. माझ्या वहीत विहीर, विहिरी, पायरी, पायऱ्या, मोट, बारवेत, साताऱ्याची, सरोवर, दगडी कमान असे शब्द होते. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच वीस शब्द पुन्हा टाकून बघायचे. हे केलं नाही तर एक दुरुस्ती करताना दुसरं काय बिघडलं ते कळत नाही.

तुमची साइट कशावर चालते?

*ब्लॉगर* असेल तर शोधाचं गॅजेट आयतं मिळतं, पण त्याच्या आत हात घालता येत नाही. तिथे लेबलं नीट लावणं आणि प्रत्येक लेखाच्या शेवटी ‘इतर नावं’ अशी एक ओळ लिहिणं, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

*वर्डप्रेस*चा मूळ शोध साधा आहे. तुम्ही लिहिलेली अक्षरं त्याच क्रमाने लेखात कुठे येतात का, एवढंच तो डेटाबेसला विचारतो. २०१३ च्या ३.७ आवृत्तीपासून शीर्षकात शब्द असलेले लेख आधी दाखवण्याची सोय आली, पण जुळणी अक्षराला अक्षरच राहिली. म्हणून ‘वाव’ शोधलं की ‘वावर’ येतं, ‘कर’ शोधलं की ‘भाकर’ आणि ‘करवंद’ दोन्ही येतात, आणि ‘विहीर’ शोधून ‘विहिरीत’ मात्र येत नाही, कारण एकात ‘ही’ दीर्घ आहे आणि दुसऱ्यात ऱ्हस्व. इथे ‘रेलेव्हान्सी’सारखं प्लगइन बसवा. ते स्वतःची शब्दसूची बनवतं, समानार्थी शब्द घेतं आणि लोकांनी काय शोधलं याची नोंदही ठेवू शकतं. किमान किती अक्षरांचा शब्द घ्यायचा हे सेटिंग मात्र आधी उघडून बघा. वर्डप्रेसच्या मागे असणाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसच्या इनोडीबी पूर्ण-मजकूर शोधातही हा आकडा मुळात ३ असतो. इंग्रजीला तो ठीक आहे, पण ‘गड’, ‘घर’, ‘आड’ हे संगणकाच्या मोजणीत दोनच अक्षरांचे शब्द आहेत. गडांवरच्या साइटवर ‘गड’ शोधता येत नसेल तर कारण बहुतेक वेळा हेच असतं. तो आकडा २ करा.

*ह्यूगो, जेकिल, इलेव्हन्टी* यांतून बनलेल्या साइटवर पानं आधीच तयार करून ठेवलेली असतात. मागे डेटाबेस नसतो, म्हणून आयता शोधही नसतो, तो वेगळा जोडावा लागतो. माझी साइट याच जातीची आहे आणि पुढचं बरंचसं तिच्यावरूनच लिहिलं आहे. पण शब्द एका रूपात आणण्याचा भाग सगळ्यांनाच लागू आहे.

आज, आत्ता काहीतरी हवंच असेल तर गूगलचा प्रोग्रामेबल शोध साइटवर लावता येतो, कामही अर्ध्या तासाचं आहे. मी तो महिनाभर वापरला. फुकट आवृत्तीत निकालांवर जाहिराती येतात, आणि गूगलने अजून न वाचलेला नवा लेख त्यात सापडत नाही. तात्पुरता ठीक आहे.

आत काय चालतं

पुस्तकाच्या शेवटी सूची असते: शब्द आणि पुढे पानांचे आकडे. शोधयंत्र तेच करतं. सगळे लेख वाचून प्रत्येक शब्दापुढे तो कुठल्या लेखांत आहे ते लिहून ठेवतं. तुम्ही शब्द टाकला की लेख न वाचता फक्त सूची बघतं, म्हणून उत्तर चटकन येतं.

कुठला लेख वर यावा हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं. शब्द त्या लेखात किती वेळा आला, आणि एकूण किती लेखांत आला. दुसरी गोष्ट १९७२ साली संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी मांडली: जो शब्द मोजक्या लेखांत येतो तो जास्त सांगून जातो, म्हणून त्याचं वजन जास्त. माझ्या साइटवर ‘विहीर’ जवळजवळ प्रत्येक लेखात आहे, म्हणून तिला फारसं वजन नाही. ‘मोट’ पंधरा-वीस लेखांत आहे. ‘मोट विहीर’ शोधलं की मोटेचे लेख वर येतात ते यामुळे. हे गणित तुम्हाला लिहावं लागत नाही, तयार साधनांमध्ये ते असतं.

अडचण सूची बनण्याआधी येते. लेखाचे शब्द तोडायचे कुठे? बरीच साधनं इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली आहेत, आणि मराठीचे हाल तिथेच होतात. ‘लुनर’ हे जावास्क्रिप्टमधलं लोकप्रिय साधन घ्या. शब्दाच्या दोन्ही टोकांची विरामचिन्हं खुडायचा एक टप्पा त्यात आहे, आणि रोमन अक्षरं व आकडे सोडून बाकी सगळं तो टप्पा विरामचिन्हासारखंच खुडतो. म्हणजे ‘विहीर’ आत जाते आणि बाहेर येते ती कोरी जागा. अख्खी साइट वाचूनही सूची रिकामी! मी दोन दिवस माझ्याच कोडमध्ये चूक शोधत बसलो होतो. ‘एसक्यूलाइट’ या छोट्या डेटाबेसच्या एफटीएस५ या शोधाच्या भागात वेगळी गंमत आहे. त्याची नेहमीची तोडणी अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानते. यूनिकोड या जगभरच्या लिप्यांसाठीच्या संकेतपद्धतीच्या वर्गवारीत काना, मात्रा, वेलांटी ‘अक्षर’ नसून ‘चिन्ह’ आहेत, त्यामुळे शब्द प्रत्येक मात्रेपाशी फुटतो. चिन्हांचे दोन वर्गही शब्दात धरा असं त्याला सेटिंगमधून सांगावं लागतं.

म्हणून कुठलंही साधन घेतलंत तरी पहिली चाचणी ही करा: त्याला ‘पुष्करणीच्या पायऱ्या’ द्या आणि तोडलेले शब्द छापून बघा. दोन पूर्ण शब्द दिसले तर पुढे जा.

मी शेवटी ‘मिनिसर्च’वर थांबलो. ते छोटं आहे, ब्राउझरमध्येच चालतं, मोकळ्या जागा आणि विरामचिन्हं यांवरच शब्द तोडतं, त्यामुळे मात्रा शाबूत राहतात. आणि शब्द कसा तोडायचा व प्रत्येक शब्दावर काय संस्कार करायचे, या दोन्ही ठिकाणी आपलं स्वतःचं फंक्शन देता येतं. मराठीसाठी नेमकी हीच सोय लागते. लेख हजारोंच्या घरात असतील तर ‘पेजफाइंड’ बघा. ते सूचीचे तुकडे करून ठेवतं आणि वाचकाला लागेल तेवढाच तुकडा उतरवून देतं. त्यातही वाचकाने टाकलेला शब्द शोधाआधी बदलण्याची जागा आहे. ते वापरलंत तर पानाची भाषा मराठी म्हणून नोंदलेली आहे ना ते पाहा, आणि मेनू व तळटीप वगळून फक्त लेखाच्या भागावर खूण करा, नाहीतर ‘संपर्क’ शोधल्यावर प्रत्येक पान येतं.

दिसायला एक, लिहिलेलं वेगळं

आता खरं काम. डोळ्यांना सारखे दिसणारे शब्द संगणकाला वेगळे असतात. ते एक करणारं एक छोटं फंक्शन लिहायचं. मी त्याला ‘धुलाई’ म्हणतो. त्यात काय काय हवं ते माझ्या लेखांतूनच सांगतो.

सगळ्यांत जास्त त्रास विसर्गाने दिला. ‘स्वतः’ आणि ‘स्वत:’ यांत फरक दिसतो का? पहिल्यात विसर्ग आहे, दुसऱ्यात कोलन. कितीतरी कीबोर्डांवर विसर्ग सापडत नाही म्हणून लोक कोलन मारतात, मीही सुरुवातीची तीन वर्षं मारला. कोलन हे विरामचिन्ह, त्यामुळे ‘दु:ख’ या शब्दाचे ‘दु’ आणि ‘ख’ असे दोन तुकडे होतात. ही दुरुस्ती शब्द तोडण्याच्या *आधी* व्हायला हवी, हे लक्षात ठेवा. नंतर केली तर दुरुस्त करायला शब्दच उरलेला नसतो. नियम सोपा: देवनागरी अक्षराला चिकटून कोलन असेल आणि पुढेही लगेच देवनागरी अक्षर असेल तर तो विसर्ग. शब्दाच्या शेवटी असेल तर नुसता काढून टाका, आणि शोधापुरता शेवटचा विसर्गही काढा. मग दोन्ही ‘स्वत’ होतात.

दुसरा ऱ्य. ‘पायऱ्या’ दोन प्रकारे टाइप होतं. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं. दुसऱ्यात साधा र, हलन्त, आणि मध्ये न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक: ‘पायर्‍या’. पडद्यावर दोन्ही तंतोतंत एक. यूनिकोडचं प्रमाणीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणारी तयार प्रक्रिया) चालवलं तरी ही दोन रूपं एक होत नाहीत, हाताने करावी लागतात. ऱ चा र करा आणि न दिसणारे जोडक-तोडक सगळे काढा. यात ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ एक होतात, म्हणजे गुरुजी आणि स्वयंपाकी एकाच रांगेत येतात. लिहिताना हे मी कधी खपवून घेणार नाही, पण ही धुलाई फक्त सूचीसाठी आहे. वाचकाला दिसतो तो मूळ मजकूरच.

तिसरा ॲ. यूनिकोडमध्ये ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर २००८ साली, ५.१ आवृत्तीत आलं. त्याआधी आणि नंतरही लोक अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ लिहीत आले, काही जण हिंदीतला ‘ऍ’ वापरतात. तिन्हींचं एकच करा.

बाकीचं भराभर सांगतो. मराठी आकडे आणि रोमन आकडे एक करा, ‘१७२०’ कुणी कसंही टाकेल. ‘कुण्ड’ आणि ‘कुंड’, ‘मन्दिर’ आणि ‘मंदिर’ एक करा: त्याच वर्गातल्या व्यंजनाआधी आलेल्या अर्ध्या ण्, न्, म् चा अनुस्वार करायचा. पण ‘अन्न’ आणि ‘अन्य’ यांना हात लावू नका, तिथे पुढे त-वर्गातलं त, थ, द, ध यांपैकी काही नाही. नुक्ते, म्हणजे अक्षराखालची टिंबं, काढा. जुने उतारे देत असाल तर १९६२ च्या लेखननियमांआधीचे अनुस्वार भेटतील, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’. त्यांना सरसकट नियम लावला तर ‘पांढरा’सुद्धा मार खातो, म्हणून अशा शब्दांची छोटी यादी करून तेवढेच बदला.

आणि एक. तुमच्या जुन्या लेखांत श्री-लिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधून थेट चिकटवलेला मजकूर असेल, तर तो मराठी दिसतो पण आत रोमन अक्षरं असतात. तो आधी यूनिकोडमध्ये बदलून घ्या. त्याशिवाय वरचं काहीच उपयोगाचं नाही.

विभक्ती सोलणं

इंग्रजीसाठी शब्दाचं मूळ काढण्याचे नियम मार्टिन पोर्टर यांनी १९८० सालीच लिहून ठेवले, आणि त्यांच्याच ‘स्नोबॉल’ प्रकल्पात पुढे हिंदी आणि तमिळचीही भर पडली. मराठीसाठी साधनात आपोआप काही मिळेल असं धरून चालू नका. पण आपल्या छोट्या साइटपुरतं हे स्वतः लिहिता येतं, आणि मला यात फार आनंद मिळाला, कारण शाळेत घोकलेलं सामान्यरूप इथे खरोखर कामाला आलं.

‘विहिरींजवळच्याच’ हा शब्द घ्या. शेवटून सोलत जायचं.

आधी शेवटचा ‘च’ किंवा ‘ही’ काढा: विहिरींजवळच्या.
मग प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय, सगळ्यांत लांब आधी. ‘च्या’ काढा: विहिरींजवळ.
पुन्हा एक फेरी, ‘जवळ’ काढा: विहिरीं.
शेवटचा अनुस्वार काढा: विहिरी.
शेवटची स्वरमात्रा काढा, किंवा शेवटी ‘्या’ असेल तर तो अख्खा काढा: विहिर.
उरलेल्यात सगळ्या दीर्घ ई-ऊ ऱ्हस्व करा: विहिर.

आता मूळ ‘विहीर’ याच गिरणीतून काढा. काढण्यासारखं काही नाही, दीर्घ ‘ही’ तेवढी ऱ्हस्व होते: विहिर. जुळलं! ‘पायरी’चं पायर, ‘पायऱ्या’चंही पायर, कारण धुलाईत ऱ आधीच र झाला आहे. ‘सातारा’ आणि ‘साताऱ्याच्या’ दोन्ही सातार. ‘पाणी’, ‘पाण्यात’ दोन्ही पाण. ‘वीट’, ‘विटांचं’ दोन्ही विट. ज्या दिवशी हे पहिल्यांदा पडद्यावर जुळताना पाहिलं त्या दिवशी मी वहीतले वीसच्या वीस शब्द रात्री एक वाजता टाकून पाहिले.

‘विहिर’ किंवा ‘पाण’ हे शुद्ध शब्द नाहीत, आणि तसे असायची गरजही नाही. ती फक्त कपाटाची किल्ली आहे.

सांभाळायच्या जागा चार. प्रत्यय काढल्यावर किमान तीन चिन्हं उरली पाहिजेत, नाहीतर ‘रात’ आणि ‘हात’ यांतला त उडतो. उरलेल्याच्या शेवटी हलन्त राहता कामा नये, नाहीतर ‘किल्ला’मधला ‘ला’ प्रत्यय समजून निघून जातो. ‘ना’ आणि ‘नी’ अनुस्वारानंतरच काढा, त्याने ‘खजिना’ वाचतो. आणि ‘वर’ काढताना त्याआधी सामान्यरूपाचा स्वर आहे ना ते बघा. मला ‘सरोवर’ने पकडलं. त्यातला ‘वर’ गळून ‘सर’ उरत होता, पण ‘सरोवराचा’ मात्र ‘सरोवर’वर थांबत होता, म्हणून लोणारचे सगळे लेख गायब. सामान्यरूप ‘ओ’ने संपत नाही, हा नियम घातल्यावर ‘सरोवर’ सुटलं, पण ‘जनावर’ त्यातही अडकतं. अशा शब्दांची ‘सोलू नका’ अशी यादी ठेवा. माझ्या यादीत आज चाळीसेक शब्द आहेत, बहुतेक गावांची नावं.

‘सूत’ आणि ‘सुत’ एक होतील, ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील. अडीचशे लेखांत त्याचा त्रास होत नाही. सापडलेल्या दहात एक चुकीचा असला तर वाचक तो ओलांडून पुढे जातो. काहीच सापडलं नाही तर मात्र तो निघून जातो.

जोडणी

साइट बांधताना चालणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहा. ती प्रत्येक लेखातून शीर्षक, पत्ता, दोन ओळींचा सारांश, ‘इतर नावं’ आणि मजकूर उचलते, मिनिसर्चला देते आणि तयार सूची जेसन फाइलमध्ये (ब्राउझरला सहज वाचता येणाऱ्या साध्या माहितीच्या फाइलमध्ये) ठेवते. ब्राउझरमधला कोड ती फाइल उघडतो आणि शोधतो. धुलाई आणि सोलणं *एकाच* फाइलमध्ये लिहा आणि दोन्हीकडे तीच फाइल वापरा. सूची उघडतानाही बनवताना दिलेलीच सेटिंगं द्यावी लागतात. मी सुरुवातीला कोड दोन जागी उतरवला, एका जागी दुरुस्त केला, आणि आठवडाभर निम्मे शब्द सापडत नव्हते.

‘इतर नावं’ ही माझी सगळ्यांत आवडती सोय. प्रत्येक लेखाच्या वरच्या माहितीत एक ओळ. लिंबच्या लेखात तिथे लिहिलं आहे: बारा मोटेची विहीर, बारामोटेची विहीर, बारा मोटांची विहीर, आणि रोमन अक्षरांतली दोन-तीन स्पेलिंगं, कारण फोनवर घाईत असलेला माणूस मराठी कीबोर्ड काढत नाही. जोडून लिहिणं, सुटं लिहिणं, गावाचं जुनं नाव, बोलीतलं नाव, सगळं इथे. शीर्षक आणि ‘इतर नावं’ यांना मजकुरापेक्षा तिप्पट वजन द्या.

याशिवाय साइटभरासाठी समानार्थींची एक फाइल: बारव, पायविहीर, पुष्करणी. कुणी एक शोधलं तर बाकीचेही शोधायचे, पण थोडं कमी वजन देऊन.

मिनिसर्च मुळात शब्दांपैकी कुठलाही एक जुळला तरी लेख आणतं. आधी सगळे शब्द असलेले लेख मागा, एकही आला नाही तरच कुठलाही एक. चुकीच्या टंकलेखनाला सूट देण्याचीही सोय आहे, एखादं चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी जुळतं. ती सहा चिन्हांहून लहान शब्दांना देऊ नका. मी दिली होती, आणि ‘मोट’ शोधलं की ‘मोठा’ असलेला प्रत्येक लेख हजर.

फाइलच्या आकाराकडे लक्ष असू द्या. मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, मात्रा आणि हलन्त वेगळे मोजून. सोललेले शब्द कमी भरतात आणि सर्व्हरवर जीझिप (फाइल दाबून पाठवण्याची सोय) चालू असेल तर फाइल बरीच आकसते. तरीही पान उघडताक्षणी ती उतरवू नका. वाचकाने सर्च बॉक्सवर बोट ठेवलं की मग उतरवा. खेड्यातल्या नेटवर्कवरून तुमचा लेख वाचणाऱ्याला हा फरक जाणवतो.

सर्च बॉक्स आणि निकाल

प्रत्येक कळ दाबल्यावर शोध चालवायचा मोह होतो. मराठीत तो आवरा. उच्चारानुसार टाइप करणाऱ्या कीबोर्डवर शब्द पुरा होईपर्यंत मधली अर्धी रूपं येत राहतात आणि निकाल डोळ्यांसमोर उड्या मारतात. शब्द जुळवणं संपल्याची घटना ब्राउझर स्वतः कळवतो, तिची वाट बघा आणि वर पाव सेकंद थांबा.

सापडलेला शब्द निकालात ठळक करताना दोन सापळे आहेत. जावास्क्रिप्टची ‘शब्दाची कड’ ओळखण्याची नेहमीची खूण देवनागरीला चालत नाही. आणि फक्त मूळ ठळक केलं तर ‘पाण्याचा’ हा शब्द ‘ण’ आणि ‘्या’ यांच्या मध्ये तुटून जोडाक्षर विस्कटतं. म्हणून मूळ मजकुराचा एकेक शब्द सोलून बघा, जुळला तर तो अख्खा शब्द ठळक करा.

शोधलेला शब्द पानाच्या पत्त्यात येऊ द्या, म्हणजे निकाल कुणाला पाठवता येतो. काही सापडलं नाही तर कोरं पान दाखवू नका. मी तिथे जिल्ह्यांची यादी आणि माझा ईमेल ठेवला आहे.

रिकामे गेलेले शोध नोंदवून ठेवा. फक्त शब्द आणि तारीख, माणसाची काही खूण नको. महिन्यातून एकदा ती यादी घेऊन बसतो. मागच्या महिन्यात तिच्यात ‘राहाट’ होतं, तीन वेळा. माझ्या लेखांत सगळीकडे ‘रहाट’. समानार्थींच्या फाइलमध्ये एक ओळ वाढवली, साइट पुन्हा बांधली आणि ‘राहाट’ टाकून पाहिलं. एकोणीस लेख आले.